ओलीची मापं

८ जानेवारी, बुधवार

सासूबाईंचा फोन आला. त्या इतक्या मोठ्याने बोलतात की मध्ये फोन नसता तरी चाललं असतं. "जावईबापू, माझ्या खोलीच्या भिंतीला ओल आलीये. पलंगाच्या बाजूला. रंगाचे पोपडे सुटतायत. तुमचं ते औषध आमच्या भिंतीला चालेल का?"

ते औषध नाही, असं मी त्यांना शंभरदा सांगितलंय. ते सिमेंटच्या मालात मिसळायचं केमिकल आहे, गिलाव्यातून पाणी झिरपू नये म्हणून. गेली कित्येक वर्षं लॅबमध्ये मी हेच करतोय. माल कालवायचा, त्यात कधी साबणाच्या जातीची पूड, कधी दुधासारखा पांढरा चीक, कधी काजळीसारखी बारीक राख घालायची, ठोकळे पाडायचे, पाण्यात बुडवायचे आणि कोण किती पाणी प्यायलं ते तोलायचं. सासूबाईंच्या लेखी मी भिंतींचा डॉक्टर. कोणी विचारलं की त्या तसंच सांगतात, फक्त 'भिंतींचा' हा शब्द जरा हळू उच्चारतात.

चालेल म्हणालो. शनिवारी येतो म्हणालो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी खुर्चीतून उठून उभा राहून बोलत होतो.

माझी बायको तिथेच आहे. गेल्या वर्षी सासूबाई जिन्यात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, म्हणून ती आईकडे गेली. हाड जुळलं. सासूबाई आता भाजी आणायला स्वतः जातात आणि भाजीवाल्याशी भांडून हुशारीने परत येतात. ती मात्र आली नाही. भांडण म्हणावं तर झालेलं नाही. झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. मी रोज संध्याकाळी फोन करतो, "आई कशा आहेत?" विचारतो, ती "बरी आहे" म्हणते, मग आम्ही दोघंही थोडा वेळ नुसताच फोन धरून असतो. "कधी येतेस?" म्हणून मी एकदाही तगादा लावलेला नाही. घरात दुखणं असताना माणसाने समजूतदारपणे वागावं. पण काही काम नसताना सासरी जाऊन बसणं मला जमत नाही. आता काम निघालं.

११ जानेवारी, शनिवार

दार तिनेच उघडलं. "ये," म्हणाली. तिने चष्म्याची फ्रेम बदलली आहे. ती चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासते, तेव्हा फ्रेम बदलणं तिला काही अवघड नाही. मला कोणी कळवायला हवं होतं असंही नाही. पण बदलली आहे.

भिंत पाहिली. एका बाजूला बाथरूम, दुसऱ्या बाजूला सासूबाईंचा पलंग. शॉवर नेमका त्याच भिंतीवर. बाथरूममधल्या गिलाव्यावर टकटक केलं की पोकळ वाजतो, म्हणजे त्याचं आयुष्य संपलेलं. पलंगाच्या बाजूने मीटर लावलं. त्याची दोन टोकं भिंतीला टेकवायची, काटा हिरव्यात राहिला तर कोरडी, लालात गेला तर ओली. पलंगापासून ते औषधांच्या फळीच्या वरपर्यंत जिथे टेकवावं तिथे काटा लालात पडत होता.

सासूबाईंनी विचारलं, "वाचेल का?" ती हसली. तिला हसताना बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

आमच्या साहेबांना लॅबबाहेरची, खऱ्या वापरातली भिंत हवीच होती. ठोकळे पाण्यात बुडवून कौतुक करून घेणं सोपं, भिंतीला संसार असतो, असं ते म्हणतात. आमचं नवं मिश्रण या भिंतीवर लावायचं ठरवलं. दर शनिवारी मापं घ्यावी लागतील असं मी सांगितलं. महिन्यातून एकदा घेतली तरी चालतात.

१९ जानेवारी, रविवार

काल गवंड्याने बाथरूमचा जुना गिलावा उतरवला, आज नवा चढला. वाळू मी लॅबमधूनच चाळून नेली होती. चीक घातल्यावर माल फार ढवळायचा नसतो. फेस होतो, फेसातली हवा आत अडकते आणि गिलावा कच्चा राहतो. हे मी गवंड्याला समजावत होतो. तो "हो साहेब" म्हणत होता आणि ढवळत होता. शेवटी मी घमेलं स्वतःकडे ओढलं.

चिकाची बादली धरायला कोणी नव्हतं. ती आली, बाह्या वर सारून समोर बसली.

"किती ओतू?"

"हळूहळू ओत. मी थांब म्हणेपर्यंत."

मी थांब म्हणायला उशीर केला. लॅबमध्ये माझ्या हातून असं कधी होत नाही. तो सगळा माल सैल झाला, टाकून द्यावा लागला.

"माझं चुकलं का?"

"नाही, वाळू ओली होती," मी म्हणालो. वाळू ठणठणीत कोरडी होती. गवंडी भिंतीकडे तोंड करून हसत होता.

दुसरा घाणा जमला. तिच्या हनुवटीवर सिमेंटचा एक शिंतोडा उडाला होता. पुसायला म्हणून हात उचलला आणि त्याच हाताने थापी उचलली. शिंतोडा माझ्यासमोर हळूहळू वाळून पांढरा झाला. घरी आल्यापासून तेवढंच आठवतंय.

२४ जानेवारी, शुक्रवार

या मालाचं एक तंत्र आहे. ज्याने पुढे जन्मभर पाणी अडवायचं त्याला आधी पोटभर पाणी पाजावं लागतं. मग मात्र कोरडं राहू द्यायचं, म्हणजे आतला चीक आवळतो. संध्याकाळी जाऊन सासूबाईंना सांगितलं की आजपासून पाणी मारणं बंद.

"बंद म्हणजे अगदी बंद?"

"थेंबही नको."

"आणि कोणी मारलंच तर? तुम्हाला कळेल?"

"भिंत खोटं बोलत नाही, आई."

त्यांनी बराच वेळ मान हलवली. या वयात एखाद्या नव्या विषयात इतका रस घेणारी माणसं कमी. ती दुकानातून आली नव्हती. तिच्यासाठी थोडा वेळ थांबलो, म्हणजे गिलाव्याची कड तपासत होतो.

२ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर घरी. आमच्या घराला कुठेही ओल नाही, बांधणाऱ्याने चोख बांधलंय.

तिचा टॉवेल अजून दांडीवर आहे, कडक झालाय. धुवावा म्हटलं, पण धुतला की तो नुसता टॉवेल होईल. स्वयंपाकघरात तिने लावलेले डबे मी हलवलेले नाहीत, त्यामुळे मला अजूनही साखर शोधावी लागते. आणि अजूनही चहा दोन कप होतो. दुसरा मी नंतर गार पितो.

ती परत यावी असं मला वाटतं. साधं वाक्य आहे, कर्ता, कर्म, क्रियापद सगळं जागच्या जागी. पण ते फक्त या वहीत लिहिता येतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

भिंत कोरडी! खाली, मध्ये, फळीच्या वर, कुठेही टेकवा, काटा हिरव्यात. बाथरूमच्या बाजूने पाणी मारलं तर थेंब मोत्यासारखे उभे राहिले आणि घरंगळून गेले. इतक्या वर्षांत माझं कुठलंही मिश्रण खऱ्या भिंतीवर असं उतरलं नव्हतं.

"म्हणजे बरी झाली?" सासूबाईंनी विचारलं.

"ठणठणीत. आता पुढच्या शनिवारी शेवटची मापं घेतो, मग तुम्हाला माझा त्रास नाही."

ती फळं चिरून बशी घेऊन आली होती. "एवढ्यात झालं?"

"मिश्रण जमलंय."

"हो, भिंतींचं तू जमवतोसच," ती म्हणाली. मी "थँक्यू" म्हणालो.

चहा घेताना साहेबांचं म्हणणंही सांगितलं. ही भिंत पास झाली की केमिकल नव्या कारखान्यात बनायला लागेल आणि तिथली घडी बसवायला मला पाठवणार. गाव लांब आहे, आगगाडीत एक रात्र काढावी लागते. "कायमचं?" सासूबाईंनी विचारलं. निदान काही वर्षं तरी, असं मी सांगितलं. ती "चांगलं झालं की," म्हणाली आणि रिकामे कप उचलून आत गेली. आत एक कप फुटला. ओल्या हातातून निसटला असणार.

येताना बसमध्ये जागा मिळाली तरी उभाच राहिलो. ज्या दिवसाची इतकी वाट पाहिली तो दिवस असा बेचव का लागावा, कळत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

ओल परत आली आहे.

पलंगाच्या कडेला, बसलेल्या माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर, ताटाएवढा डाग. काटा थेट लालात. सासूबाई हळहळल्या. म्हणाल्या, "उलटलं की हो दुखणं!" मी पलंग सरकवला, खाली पाहिलं. त्यांचा पाण्याचा तांब्या तेवढा होता, जमीन कोरडी. बाथरूमचे सगळे नळ पाहिले. काही सापडेना.

"म्हणजे यावं लागेल तुला?" तिने विचारलं.

"यावंच लागेल."

मी निघताना ती जिन्यापर्यंत सोडायला आली. आमच्या इमारतीत पोचलो तर खालचा शेजारी म्हणाला, "काय, आज शीळ?" ज्याचं केमिकल नापास झालंय त्याने शीळ घालू नये. माझं मलाच नवल वाटलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

लॅबमध्ये ठोकळे तोलायचं काम जिच्याकडे आहे तिला आम्ही तराजू म्हणतो. तिला सगळं सांगितलं.

"ओल कधी दिसते?" तिने विचारलं.

"शनिवारी."

"आणि इतर दिवशी?"

"इतर दिवशी मी कुठे असतो?"

ती हसायला लागली आणि थांबेचना. "तुमचे ठोकळे सगळे पास आहेत हो. भिंतच तेवढी लाडात आलीये." लॅबमध्ये हसल्याने वजनाचा काटा हलतो, हे तिला कोणीतरी सांगायला हवं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आता डाग दोन. एक तोच, खालचा, वेडावाकडा, ओघळ आलेला. दुसरा नवा, फळीच्या वर, माझ्या डोळ्यांच्या रेषेत, नीटनेटका, कडा पुसून घेतल्यासारखा. मधली भिंत कोरडी. पाणी असं वागत नाही. वरून आलं तर ते खाली उतरतं, मधली जागा सोडून उडी मारत नाही.

खालच्या डागात ड्रिल मारून आतली पूड कागदावर घेतली. पूड कोरडी! पावडरीसारखी उडत होती. म्हणजे वरची कातडी ओली आणि आतलं अंग कोरडं ठाक. बाथरूममधून पाणी येत असतं तर आत आधी ओल हवी. विचार करकरून एकच कारण सुचलं: जुन्या गिलाव्याच्या वाळूत मीठ असणार आणि ते हवेतली ओल ओढत असणार. लॅबला पाठवायचं टिपण तिथेच बसून लिहिलं, चांगलं पानभर झालं. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. एखादं मूल चपला उलट्या घालून निघालं की आपण बघतो तसं.

वरच्या डागातही ड्रिल मारणार होतो. ती म्हणाली, "वर नको. फळीवर आईची औषधं आहेत, धूळ बसेल."

बरोबर होतं तिचं. तिने विचारलं, "मीठ सापडायला वेळ लागेल?"

"लागेल थोडा."

"लागू दे. घाई करू नकोस."

तिला माझ्या कामाची कदर आहे. जेवूनच जा म्हणाली, म्हणून जेवलो. सगळ्या भाज्या माझ्या आवडीच्या होत्या, योगायोगाने.

२६ फेब्रुवारी, बुधवार

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मार्चच्या मध्यापर्यंत भिंत कोरडी दाखवता आली नाही तर हे मिश्रण बासनात. मग दुसऱ्या गटाचं, वरून रंगासारखं फासायचं केमिकल कारखान्यात जाईल. ते दोन पावसाळ्यांत सोलून निघतं, हे त्यांनाही माहीत आहे. "पण ते निदान भिंतीवर कोरडं दिसतं," म्हणाले.

इतकी वर्षं ज्यात घातली ते असं जाऊ द्यायचं, हे पटत नाही. सांगावंसं वाटलं ते तिलाच. संध्याकाळी फोन केला आणि "आई कशा आहेत?" विचारलं.

१ मार्च, शनिवार

मीठ नाही. लॅबने पूड तपासली, नावालासुद्धा नाही.

दोन्ही डाग ताजे. मी पोचलो तेव्हा तिची उजवी बाही कोपरापर्यंत भिजलेली होती. "भांडी घासत होतीस?" विचारलं तर "हो" म्हणाली. ओट्यावर एकही भांडं नव्हतं, म्हणजे घासून झाली असणार.

मी भिंतीसमोर जमिनीवरच बसून राहिलो. ती चहा घेऊन आली आणि शेजारी बसली. तिला साहेबांचं सांगितलं, सगळंच. तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "इतकं महत्त्वाचं आहे हे?" मी म्हणालो, "माझ्याकडे दुसरं आहे काय आता?" तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला. स्वच्छच होता.

आम्ही दोघं त्या भिंतीकडे बघत बसलो होतो. मला तिथून उठावंसं वाटत नव्हतं. मिश्रण नापास होत असताना मला तिथे बरं वाटत होतं, हे खरं आहे, म्हणून लिहितो.

५ मार्च, बुधवार

चपला न काढताच वही उघडली. जमेल तसं लिहितो.

लॅबची वीज गेली, दुपारी सोडलं. पाय आपोआप तिकडे वळले. मीटर पिशवीत होतंच, कोणी विचारलं तर सांगायला. दार नुसतं लोटलेलं होतं. आत गेलो तर सासूबाई पलंगावर बसून, तांब्यात स्पंज बुडवून, तो भिंतीला दाबून धरत होत्या. तापात कपाळावर पट्टी ठेवतात तशा.

"आई!"

त्या जराही दचकल्या नाहीत. "आज शनिवार नाही," म्हणाल्या, म्हणजे चूक माझीच.

"हे कधीपासून चाललंय?"

"तुम्ही शेवटची मापं म्हणालात तेव्हापासून."

"अहो, माझं काम आहे ते! साहेब मिश्रण मोडीत काढायला निघालेत. मी तिकडे मीठ शोधत बसलो होतो!"

"बसलात खरे," त्या म्हणाल्या आणि स्पंज पिळला. "तुमच्या औषधात काही खोट नाही, जावईबापू. मी बाथरूममध्ये बादल्या ओतून पाहिल्या, इकडे टिपूस येईना. म्हणून तर या बाजूने स्पंज लावावा लागतो मला, एवढ्या दुखऱ्या कमरेने."

"पण का?"

"शनिवारी घरात स्वयंपाक चांगला होतो म्हणून." त्यांनी पदराने हात पुसले. "शुक्रवारी ती केस धुते. शनिवारी दुकानातून लवकर येते. पाऊण तास भाजीत मीठ आहे का विचारते मला. मला दिसतं सगळं. तुम्ही मीटर लावून बसा."

मी रागावलो होतो, रागावणं भागच होतं. पण हसू की रडू तेही कळत नव्हतं. थोड्या वेळाने विचारलं, "दोन्ही डाग तुमचेच?"

"खालचा माझा. वर माझा हात पोचतो का? का या मोडक्या खुब्याने स्टुलावर चढू?"

"मग वरचा?"

"ते मला नका विचारू. डॉक्टर तुम्ही."

कोणाला सांगणार नाही, असं माझ्याकडून वदवून घेतलं आणि ती यायच्या आत मला घालवून दिलं.

म्हणजे वरचा डाग खरा आहे. खालची लबाडी बाजूला काढली तरी वरून कुठून तरी पाणी येतंय.

६ मार्च, गुरुवार

नकाशा काढला. शॉवरचा पाइप भिंतीत शिरतो ती जागा साधारण त्याच उंचीला येते. तिथे गिलाव्याला केसाएवढी फट राहिली असेल. म्हणजे मिश्रण तिथे हरलं.

केस धुते म्हणे शुक्रवारी. शुक्रवारी कोणीही धुवू शकतं. सासूबाईंचं ऐकून मी मनात काय काय बांधायला लागलो, आणि पाया काय, तर एका आईची हौस. लेकीचा संसार पुन्हा लागावा असं कोणत्या आईला वाटत नाही? लेकीला काय वाटतं, तो प्रश्न वेगळा. तिला यायचं असतं तर ती आली असती. मी कधी अडवलं नव्हतं.

वरचा डाग खरा निघाला तर मिश्रण गेलं. कोरडा निघाला तर मी त्या लांबच्या गावाला गेलो. शनिवार दोन्हीकडून संपतात. सकाळपासून तराजूने मांडल्यासारखं इकडून तिकडून मांडतोय आणि प्रत्येक वेळी मधे तीच येऊन बसते, नव्या फ्रेमचा चष्मा घालून.

७ मार्च, शुक्रवार

आज आधी तिचाच फोन आला. सासूबाई मावशीकडे चालल्या आहेत, सोमवारी परत येतील. "तू उद्या येणार ना?" तिने विचारलं. "म्हणजे मापं घ्यायला."

"येईन. उद्या वरच्या डागात ड्रिल मारावं लागेल. फळीवरची औषधं काढून ठेव."

"ती आईने बरोबर नेली," ती म्हणाली. "सगळी नेली. टाचेला लावायचं मलमसुद्धा." मग बराच वेळ फोन नुसताच धरलेला होता. पाठीमागे नळाचं पाणी वाहत होतं, बादलीत पडल्यासारखं. केस धुवायचे असतील.

८ मार्च, शनिवार

खालचा डाग गेलाय. भिंत तिथे सुकून पांढरी पडली आहे, काटा हिरव्यात. वरचा डाग होता तिथेच. ओला, नीटनेटका, कडा पुसून घेतलेल्या.

ती दारात उभी होती. मी ड्रिल काढलं तशी म्हणाली, "मारायलाच हवं?"

"सोमवारी साहेबांना काही तरी सांगावं लागेल."

"मग मार."

कागदाची पुडी खाली धरली आणि ड्रिल लावलं. वरचा पापुद्रा ओला, ड्रिलच्या टोकाला चिकटणारा. त्याच्या आत एक नखभर गेलो आणि आवाज बदलला. पूड पडायला लागली. आणखी आत गेलो, पार नव्या गिलाव्याला लागेपर्यंत. पूड तळहातावर घेतली. कोरडी. फुंकर मारली तर उडून गेली.

मी तसाच उभा. वरचा डाग माझ्या डोळ्यांच्या रेषेत होता. या घरात सासूबाईंचा हात तिथे पोचत नाही, आणि त्या घरी नव्हत्या. माझा पोचतो, आणि तिचा. ती माझ्याएवढीच उंच आहे. लग्नाच्या वेळी त्यावरून किती जणांनी चिडवलं होतं. मी वळून पाहिलं. तिची उजवी बाही कोपरापर्यंत ओली होती, आणि स्वयंपाकघरात एकही भांडं घासायला नव्हतं.

"काय म्हणते भिंत?" तिने विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"कोरडी आहे. आतून."

"म्हणजे पास?"

"पास."

"मग आता तू जाशील." ती भिंतीकडेच बघत होती. "तू मागच्या शनिवारी साहेबांचं सांगितलंस ना, तेव्हा ठरवलं होतं, बंद करायचं. तुझं काम बुडवायचं नाही. चार दिवस केलंही बंद. काल स्पंज परत हातात आला. मलाच लाज वाटली."

हातात पूड होती, ती सांडू नये एवढंच सुचत होतं. शेवटी विचारलं, "मग आलीच का नाहीस परत? हाड जुळून किती दिवस झाले."

"तू रोज फोन करून काय विचारायचास?"

"आई कशा आहेत."

"आई बरी होती," ती म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं. "मी कशी आहे ते कधी विचारलंस? ये म्हणालास एकदा तरी? मला वाटलं, याचं माझ्यावाचून छान चाललंय."

"मला वाटलं, तगादा होईल."

"व्हायला हवा होता ना!"

मी पूड खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. हात पुसले. इतके दिवस या वहीत लिहिलेलं ते वाक्य तोंडातून निघताना एवढंसं झालं. "चल," म्हणालो. "घरी चल. मग तिकडे जायचं झालं तर तिकडेही चल. नसेल यायचं तर मी जात नाही. पण चल."

ती चष्मा न काढताच डोळे पुसायला लागली, ते काही जमेना. मग हसली. "एवढं म्हणायला तुला भिंतीला भोक पाडावं लागलं."

थोड्या वेळाने विचारलं, "तिकडे चष्म्याची दुकानं आहेत का?" मी म्हणालो, माणसं आहेत म्हणजे असणारच. "आणि आई?" ती म्हणाली. त्यावर आम्ही दोघांनीही मावशीकडे गेलेल्या औषधांच्या पिशवीचा विचार केला असावा, कारण दोघंही एकदमच हसलो. सोमवारी त्यांनाच विचारायचं ठरलं. साहेबांचा अहवालही सोमवारीच. त्यात आतल्या पुडीची मापं लिहीन, ती खरी आहेत. स्पंजाचा उल्लेख करणार नाही.

हे मी सासूबाईंच्याच स्वयंपाकघरात बसून लिहितोय. ती शेजारी भाजीत मीठ आहे का बघतेय आणि मला विचारतेय. उजेड आहे तोवर भोक बुजवून टाकू म्हटलं आणि मघाशी माल कालवायला बसलो. चीक आणला नव्हता, साधाच माल. ती बाह्या वर सारून समोर बसली, पाणी ओतू लागली. भोक करंगळीएवढं, त्याला चिमूटभर पुरला असता. मी थांब म्हणालोच नाही. बादलीभर झाला.